हनोई आणि सायगॉन : दुचाक्यांच्या लोंढ्यातून रस्ता ओलांडताना

मुठाकाठ

व्हिएतनामच्या सहलीविषयी लिहिताना बहुतेक जण हालाँगच्या उपसागरापासून सुरुवात करतात. मला या धाग्यात फक्त तिथल्या शहरांतल्या रहदारीविषयी लिहायचे आहे. मुंबईहून थेट विमाने सुरू झाल्यापासून आईवडिलांना आणि सासूसासऱ्यांना घेऊन तिकडे जाणारी मराठी कुटुंबे वाढली आहेत. त्यांना व्हिसा, हॉटेल आणि शाकाहारी जेवण यांची माहिती भरपूर मिळते, पण हॉटेलच्या दारातून बाहेर पडल्यावर समोरचा रस्ता ओलांडायचा कसा, हे कुणी नीट सांगत नाही. हनोईच्या जुन्या भागात हा प्रश्न दिवसातून अनेकदा पडतो आणि तो अंगावर काटा आणणारा असतो.

आधी दिशेचे सांगतो. व्हिएतनाममध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून फूटपाथवरून उतरताना पहिली नजर डावीकडे टाकावी लागते. आपल्याला लहानपणापासून आधी उजवीकडे पाहण्याची सवय असते आणि नेमकी तीच तिथे घात करू शकते. शिवाय एकेरी रस्त्यावरही कडेकडेने उलट दिशेने येणारी एखादी दुचाकी असतेच, त्यामुळे डावीकडे पाहून झाल्यावर उजवीकडे पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नये.

हनोईत होआन कियेम तलावाच्या उत्तर टोकाला कारंज्याचा मोठा चौक आहे. हांग गाई, हांग दाओ, काउ गो हे जुन्या पेठांतले रस्ते आणि तलावाच्या दोन्ही कडांचे रस्ते तिथे एकमेकांना भिडतात. संध्याकाळी पाचच्या सुमारास तिथे उभे राहिले, की दुचाक्यांचा लोंढा कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे कळत नाही. मी तिथे बराच वेळ कठड्यापाशी उभा राहून नुसते पाहत होतो. उन्हासाठी डोक्यापासून मांडीपर्यंत टोपीचा अंगरखा घातलेली एक बाई, तिच्या पुढ्यात पायफळीवर उभे असलेले दप्तरासकट पोर, आणि मागच्या सीटला बांधलेली भाजीची मोठी पिशवी, अशी एक स्कूटर माझ्यासमोरून रस्ता ओलांडणाऱ्या एका म्हाताऱ्या फुलवालीच्या दिशेने आली. फुलवालीच्या खांद्यावर दोन बाजूंना दोन टोपल्या लटकवलेली कावड होती. तिने चाल बदलली नाही आणि मानही वळवली नाही. स्कूटरवाल्या बाईचे लक्ष समोरच्या गाड्यांवर नसून फुलवालीच्या पावलांवर होते, हे मला तिच्या नजरेवरून स्पष्ट दिसले. हँडल जेमतेम एका वितीने वळले, स्कूटर फुलवालीच्या पाठीमागून निघून गेली आणि तिच्या मागच्या चार-पाच गाड्यांनीही तीच वाट धरली.

ओलांडण्याची सगळी पद्धत यात आली. रस्ता रिकामा होण्याची वाट पाहत बसू नये, कारण तो रिकामा होत नाही. जवळ बस, ट्रक किंवा मोटार नाही याची खात्री करून घ्यावी, दुचाक्यांच्या रांगेत थोडी विरळ जागा दिसली की सावकाश पाऊल टाकावे आणि मग एकसारख्या गतीने चालत राहावे. मध्येच धावू नये, दचकून थांबू नये आणि काहीही झाले तरी मागे पाऊल घेऊ नये. येणाऱ्या स्वाराकडे पाहावे. हात किंचित खाली आणि बाहेर धरला तर त्याला आपण लवकर दिसतो. चालताना मोबाईल खिशात असावा, हे वेगळे सांगायला नको.

हे सर्व दुचाक्यांपुरते आहे, आणि हा भाग मी ठळक अक्षरांत लिहिला असता तरी चालले असते. बसचालकाला एका वितीने वळता येत नाही. मोटारीलाही दोन्ही बाजूंना दुचाक्या चिकटलेल्या असताना बाजूला होता येत नाही, त्यामुळे तिचा चालक हॉर्न वाजवतो आणि येत राहतो. बस किंवा मोटार दिसली तर ती जाईपर्यंत कडेला थांबावे.

फूटपाथचे म्हणाल तर जुन्या भागात तो चालण्यासाठी जवळजवळ उरलेलाच नाही. दुकानापुढे दुचाक्यांची रांग लागलेली असते, राखणदार सीटवर खडूने क्रमांक लिहितो आणि तोच क्रमांक लिहिलेला कागद मालकाला देतो. त्या रांगेपलीकडे लहान लहान प्लॅस्टिकच्या स्टुलांवर लोक फो या नूडल सूपच्या वाडग्यावर वाकून बसलेले असतात. परिणामी पायी जाणाऱ्याला रस्त्यावरच उतरावे लागते. घरच्या मंडळींना घेऊन जाणाऱ्यांनी ओलांडण्याइतकीच या रस्त्याच्या कडेने चालण्याचीही तयारी ठेवावी. एकामागे एक चालावे, गप्पा मारत तिघे-तिघे जाऊ नये.

ही अवस्था एका दिवसात आलेली नाही. फ्रेंचांच्या काळात १९०१ मध्ये हनोईत ट्रॅम सुरू झाली होती. ती पुढे मोडकळीला आली आणि १९९१ च्या सुमारास बंद पडली. त्याच सुमारास, म्हणजे १९८६ च्या आर्थिक सुधारणांनंतर, लोकांच्या हातात पैसा येऊ लागला होता. सायकलींची जागा आधी जपानी बनावटीच्या आणि २००० च्या आसपास अतिशय स्वस्त चिनी दुचाक्यांनी घेतली. हनोईची पहिली मेट्रो मात्र नोव्हेंबर २०२१ मध्ये धावली. मधली तीस वर्षे प्रत्येक कुटुंबाने आपला वाहतुकीचा प्रश्न दुचाकी घेऊन सोडवला, त्यामुळे आज सुमारे १० कोटी लोकांच्या देशात ७ कोटींहून अधिक दुचाक्या नोंदलेल्या आहेत.

ज्यांनी हा अनुभव घेतला आहे, विशेषतः ज्येष्ठांबरोबर, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

केतकीरान

मुठाकाठ, धाग्याबद्दल मनापासून आभार. आम्ही फेब्रुवारीत हनोईला जायचा विचार करत आहोत आणि माझ्या सासूबाई बरोबर आहेत. त्यांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. त्या रोज सकाळी फिरतात, पण त्यांची चाल हळू आहे आणि त्या हॉर्नला फार दचकतात. तुम्ही लिहिलेले ‘दचकून थांबू नये’ हे वाक्य वाचून मला खरोखर काळजी वाटू लागली. इतक्या हळू चालणाऱ्या माणसाने तिथे रस्ता ओलांडावा का? की प्रत्येक ठिकाणी टॅक्सीच करावी?

रस्तारेषा

केतकीताई, मी वाहतूक नियोजनात काम करतो, म्हणून आधी या ‘हळू’ शब्दाविषयी लिहितो. हळू चालणे ही तिथे अडचण नाही, उलट सोय आहे. जुन्या पेठांतल्या गर्दीत दुचाक्या साधारण ताशी २० किलोमीटरने चालतात, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. तुम्ही रस्त्यात पाऊल टाकले तेव्हा एखादा स्वार वीस मीटरवर असेल, तर त्याच्याकडे साडेतीन सेकंदांहून थोडा अधिक वेळ असतो. तेवढ्या वेळात सासूबाई दोन-अडीच मीटर पुढे सरकतील, हे तो त्यांच्या चालीवरून ताडतो आणि त्यांच्या पाठीमागची मोकळी होणारी जागा हेरून तिकडे हँडल वळवतो. त्या अचानक थांबल्या किंवा मागे आल्या, तर ज्या जागेकडे तो निघाला आहे तीच जागा भरते. वारीत दिंडीबरोबर चालणारा माणूस मध्येच उभा राहिला, की मागची सगळी ओळ विस्कटते. गर्दी तीच असते, पण मागच्यांचा अंदाज चुकतो. तसेच हे आहे.

म्हणून वेगाची चिंता करू नका, दचकण्याची करा. त्यांना आधी एखाद्या चौकात कडेला बसवून थोडा वेळ रहदारी पाहू द्या. तिथला हॉर्न बहुतेक वेळा ‘मी इथे आहे’ एवढेच सांगत असतो, हे एकदा कानाला पटले की दचकणे पुष्कळ कमी होते.

या सगळ्याचा पाया कमी वेग हा आहे, हे मी मुद्दाम सांगतो. वाहन ताशी ३० किलोमीटरच्या आत असेल तर धडक बसूनही पादचारी वाचण्याची शक्यता बरीच असते, आणि ५० च्या पुढे ती झपाट्याने घटते. जिथे पादचारी आणि वाहने एकत्र वावरतात तिथे ३० ची मर्यादा असावी, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. जुन्या हनोईत ही मर्यादा गर्दीमुळे आपोआप पाळली जाते. तोच स्वार रिंग रोडवर गेला की ५० ते ६० ने जातो आणि तिथे मुठाकाठ यांनी सांगितलेली पद्धत लागू होत नाही. रुंद रस्त्यावर पादचारी पूल किंवा सिग्नल शोधायलाच हवा, मग त्यासाठी अर्धा किलोमीटर जास्त चालावे लागले तरी.

मुठाकाठ

केतकीताई, रस्तारेषा यांनी माझ्यापेक्षा नेमके सांगितले आहे. मी फक्त व्यवहारातल्या गोष्टींची भर घालतो.

हॉटेल शक्यतो तलावाच्या अगदी जवळ घ्या. होआन कियेम तलावाभोवतीचे रस्ते शुक्रवारी संध्याकाळपासून रविवारी रात्रीपर्यंत वाहनांना बंद असतात आणि तिथे लहान मुले, म्हातारी माणसे, गाणी म्हणणारी मंडळी मोकळेपणाने फिरत असतात. तुमचे हनोईतले दिवस शनिवार-रविवारी येतील असे पाहिलेत, तर सासूबाईंना शहर पायी पाहता येईल. इतर दिवशी सकाळी लवकर, म्हणजे साडेसहाच्या आत, तलावाकाठी जा. त्या वेळी तिथे व्यायाम करणाऱ्या आजी-आजोबांची गर्दी असते आणि रस्त्यावर दुचाक्या कमी असतात.

ओलांडताना त्यांना मधोमध ठेवा. ज्या बाजूने गाड्या येत आहेत त्या बाजूला घरातल्या धडधाकट माणसाने राहावे आणि रस्ता दुहेरी असेल तर मध्यावर आल्यावर बाजू बदलावी. हात धरताना मनगट धरू नका, दंड धरा, म्हणजे ओढले जाण्याची भीती राहत नाही. निघण्यापूर्वी ‘आता निघू या’ असे एकानेच म्हणावे. एक जण ‘चला’ आणि दुसरा ‘थांबा’ म्हणाला तर सगळेच मध्ये अडकतात. मी दुसऱ्या एका कुटुंबाचे असे झालेले डोळ्यांनी पाहिले आहे.

सायगॉनवासी

मी गेली काही वर्षे कामानिमित्त हो ची मिन्ह सिटीत राहतो. इथे आजही सगळे सायगॉनच म्हणतात, म्हणून मीही तेच नाव वापरतो. धागा वाचून आनंद झाला, पण वरचे चित्र हनोईचे आहे आणि सायगॉन त्याहून बरेच वेगळे आहे, हे लक्षात आणून द्यावेसे वाटते. इथले मुख्य रस्ते रुंद आहेत, सिग्नल जास्त आहेत आणि बहुतेकांवर उलटे मोजणारे आकडे असतात. तो आकडा शून्यावर येण्याच्या दोन-तीन सेकंद आधीच पुढची रांग सुटते. पादचाऱ्याने आपला हिरवा दिवा लागला म्हणून लगेच उतरू नये आणि शेवटच्या सेकंदांत ओलांडायला सुरुवात तर मुळीच करू नये.

अलीकडचा सर्वांत मोठा बदल दंडाचा आहे. १ जानेवारी २०२५ पासून नवा रहदारी कायदा आणि त्याबरोबर १६८ क्रमांकाची दंड नियमावली लागू झाली. दुचाकीने लाल दिवा तोडल्यास पूर्वी ८ ते १० लाख डाँग दंड होता, तो ४० ते ६० लाख डाँग झाला, म्हणजे आपल्या रुपयांत साधारण १३ ते २० हजार. फूटपाथवरून दुचाकी चालवली तरी तेवढाच दंड आहे. मोटारीने लाल दिवा तोडला तर १ कोटी ८० लाख ते २ कोटी डाँग. इथल्या सामान्य नोकरदाराचा महिन्याचा पगार पाहता दुचाकीचा दंड म्हणजे त्याचा मोठा हिस्सा गेला. परिणाम त्याच आठवड्यात दिसला. लाल दिव्यावर जी रांग पूर्वी झेब्रा पट्ट्यांवर चढलेली असायची, ती पांढऱ्या रेषेच्या मागे उभी राहू लागली, आणि फूटपाथवरून चालताना मागून हॉर्न ऐकू येणे खूप कमी झाले. पादचारी म्हणून मला या बदलाचे फार मोल वाटते.

त्याची दुसरी बाजूही सांगतो. पूर्वी लाल दिवा असतानाही दुचाक्या सर्रास उजवीकडे वळत आणि चौक मोकळा होई. नवा दंड लागताच कुणीही हलेनासे झाले आणि जानेवारीत तेतच्या, म्हणजे चांद्र नववर्षाच्या, खरेदीच्या दिवसांत रस्ते अक्षरशः तुंबले. मग पालिकेने बऱ्याच चौकांत दुचाक्यांसाठी उजवीकडे वळण्याचे हिरवे बाण बसवले. हा बाण असलेल्या चौकात पादचाऱ्याला हिरवा दिवा असला तरी गाड्या वळून येतात. पर्यटकांना याची कल्पना नसते, म्हणून मुद्दाम लिहिले.

पावसाळ्यात, मे ते नोव्हेंबर या काळात, दुपारी धो धो पाऊस येतो. तेव्हा एकाच वेळी हजारो स्वार कडेला थांबून पावसाळी अंगरखे चढवतात. हे अंगरखे हँडलवरून पुढे पसरलेले असतात आणि पुढच्या दिव्याचा उजेड अडू नये म्हणून तेवढ्या जागी पारदर्शक तुकडा शिवलेला असतो. दोन डोकी बाहेर काढता येतील असे दोन टोप्यांचे अंगरखेही मिळतात. मागे बसलेला मात्र समोरचे काही पाहू शकत नाही आणि पुढच्याची बाजूची नजर अंगरख्याच्या टोपीने अडते. त्यामुळे पाऊस सुरू होताच पहिल्या दहा मिनिटांत रस्ता ओलांडायचे टाळावे, एवढे मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो.

दुर्बीण

मला तिथे गेल्यावर मनापासून कौतुक वाटले. इतकी गर्दी असून कुणी कुणावर ओरडत नाही, खिडकीतून मान काढून शिव्या देत नाही, धक्का लागलाच तर दोघेही आरसा सरळ करून निघून जातात. पुण्यात टिळक रस्त्यावर किंवा सिंहगड रस्त्यावर गर्दी याहून कमी असेल, पण मनःस्ताप कितीतरी जास्त होतो. मला तर ही रहदारी आपल्यापेक्षा सुरक्षित वाटली. नियम कमी असले तरी समजूतदारपणा असेल तर रस्ते चालतात, याचे ते उदाहरण आहे, असे माझे मत झाले.

फळाखडू

दुर्बीण, स्वारांच्या शांतपणाविषयी तुम्ही लिहिले ते खरे आहे आणि मीही ते पाहिले आहे. पण ‘सुरक्षित’ या शब्दाला माझा ठाम विरोध आहे.

मी शाळेत संगणक शिकवायचो. या धाग्यावरच्या अनेकांनी लहानपणी संगणकाच्या पडद्यावर कासव फिरवून चौकोन आणि चांदण्या काढल्या असतील. ती लोगो भाषा घडवणाऱ्यांपैकी एक म्हणजे मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेचे गणितज्ञ सीमोर पेपर्ट. गणित शिक्षणाच्या परिषदेसाठी ते डिसेंबर २००६ मध्ये हनोईला गेले होते. कुणीही वरून चालवत नसताना हजारो स्वार मिळून एक प्रवाह कसा तयार करतात, हनोईच्या या रहदारीचे गणिती प्रतिरूप कसे करता येईल, अशी चर्चा ते आपल्या सहकाऱ्याबरोबर करत होते. त्यानंतर रस्ता ओलांडताना त्यांना दुचाकीची धडक बसली आणि मेंदूला गंभीर इजा झाली. ते तेव्हा ७८ वर्षांचे होते. पुढची दहा वर्षे त्यांनी त्या इजेसह काढली आणि २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या प्रवाहाकडे त्यांच्याइतक्या बारकाईने पाहणारा माणूस विरळाच असेल. तरीही तो प्रवाह त्यांना वाचवू शकला नाही.

व्हिएतनाममध्ये सरकारी आकड्यांनुसारच अलीकडे दर वर्षी दहा हजारांच्या आसपास माणसे रस्त्यावर मरतात. आपल्याकडे २०२२ मध्ये १,६८,४९१ माणसे गेली. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर दोन्ही देश फार दूर नाहीत आणि दोन्हींकडे मरणाऱ्यांत दुचाकीस्वारांचा वाटा फार मोठा आहे. तलावाकाठच्या चौकात जे दिसते ते दिवसाचे, गर्दीचे आणि कमी वेगाचे दृश्य असते. माणसे प्रामुख्याने मरतात ती रात्री, मोकळ्या महामार्गांवर, मद्य घेतलेल्या स्वारांमुळे आणि ट्रकखाली. पर्यटकाच्या नजरेला ते पडत नाही.

आणि समजूतदारपणापेक्षा कायद्याने तिथे किती जीव वाचवले, तेही पाहा. १५ डिसेंबर २००७ पासून सर्व रस्त्यांवर हेल्मेट सक्तीचे झाले. त्या एका दिवसात रस्त्यांचे रूप पालटले आणि शहरांत हेल्मेट घालणाऱ्यांचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेले. १ जानेवारी २०२० पासून मद्याचा अंशही चालत नाही, असा नियम आला. पुण्यात जानेवारी २०१९ मध्ये हेल्मेटसक्तीची कारवाई सुरू झाली तेव्हा आपण विरोधात मोर्चे काढले, हे आठवले की मला आजही वाईट वाटते.

दुर्बीण

फळाखडू सर, पेपर्ट यांच्याविषयी मला माहीत नव्हते. ‘सुरक्षित’ हा शब्द मी मागे घेतो. पण रस्त्यावर दुसऱ्या माणसाकडे लक्ष ठेवण्याची तिथली वृत्ती आपण शिकावी, या मतावर मी कायम आहे. कायदा हवाच, पण सिग्नल नसलेल्या गल्लीत शेवटी समोरच्याची नजरच कामी येते.

लांबचापल्ला

या धाग्यावर भाड्याने दुचाकी घेण्याचा विषय निघायलाच हवा, कारण आपल्याकडची तरुण मंडळी ‘पुण्यात चालवतो, तर तिथेही चालवू’ या विचाराने सर्रास भाड्याची गाडी घेतात. माझ्या भाच्याने उत्तरेकडच्या हा जियांगच्या घाटांत अशीच गाडी घेतली. वळणावर खडीवरून घसरून त्याचे गळ्याजवळचे हाड मोडले. हाड जुळले, पण रुग्णालयाचा खर्च विमा कंपनीने नाकारला, कारण त्याच्याकडे त्या देशात चालणारा परवाना नव्हता.

यातली कायदेशीर अडचण समजून घ्या. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा असतो. व्हिएतनाम मानतो तो १९६८ च्या व्हिएन्ना कराराखालचा परवाना. त्यामुळे परिवहन कार्यालयातून शुल्क भरून काढलेली आपली पुस्तिका तिथल्या पोलिसांपुढे आणि विमा कंपनीपुढे उपयोगी पडत नाही. गाडी भाड्याने देणारा दुकानदार हे सांगत नाही. तो पासपोर्ट ठेवून घेतो आणि किल्ली हातात देतो. पासपोर्ट तर कुणाकडेही ठेवू नये. ५० सीसीच्या आतील गाडीला परवाना लागत नाही, पण ती घाटात चालत नाही आणि विम्याच्या अटी तिथेही वाचाव्याच लागतात.

हा जियांगचे डोंगर पाहायचेच असतील तर स्थानिक चालकामागे बसून जाता येते. भरपूर लोक तसेच जातात आणि त्यांना डोंगरही नीट पाहायला मिळतात.

नाईलप्रवासी

थोडे विषयांतर वाटेल, पण उपयोगाचे आहे म्हणून लिहिते. हनोईत शिकलेली पद्धत कैरोत वापरायला जाऊ नये. तिथे दुचाक्यांचा नव्हे तर मोटारींचा लोंढा असतो, रस्ते चार-पाच पदरी असतात आणि वेगही जास्त असतो. एकसारखे चालत राहिले तर मोटार वळून जाईल, हा भरवसा तिथे धरता येत नाही. कैरोतले लोक एकेक पदर ओलांडतात. दोन पदरांच्या मधल्या रेषेवर थांबतात, पुढची फट पाहतात आणि मग पुढचा पदर. मला ते कधीच जमले नाही आणि जमवावे असेही वाटले नाही. मी कुणीतरी स्थानिक बाई ओलांडायला उभी असेल तिच्या शेजारी जाऊन उभी राहायचे आणि तिच्याबरोबर चालायचे. प्रत्येकीने हात धरून पलीकडे नेले.

तहरीर चौकात तर रस्त्यावर उतरण्याची गरजच नाही. चौकाखाली सादात हे मेट्रो स्थानक आहे आणि त्याच्या भुयारी वाटांनी चौकाच्या एका बाजूकडून दुसरीकडे जाता येते. कैरोची मेट्रो १९८७ पासून चालू आहे आणि दोन ठिकाणांमध्ये जाण्यासाठी ती टॅक्सीपेक्षा कितीतरी बरी.

केतकीरान

सर्वांचे खूप आभार. सासूबाईंना मी हा धागा वाचून दाखवला. फुलवालीचा प्रसंग त्यांना फार आवडला आणि पेपर्ट यांचा प्रसंग ऐकून त्या गप्प झाल्या. ‘बसून आधी बघायचं, मग ठरवायचं’ असे त्यांनी स्वतःच सांगितले. आता दोनच प्रश्न आहेत. फेब्रुवारीत तेत असेल तर रहदारी कशी असते? आणि आमच्या प्रवासाचे शेवटचे दिवस सायगॉनमध्ये आहेत, तिथे मेट्रोचा आम्हाला उपयोग होईल का?

सायगॉनवासी

केतकीताई, तेतच्या आधीचे दोन आठवडे रस्ते सर्वांत जास्त भरलेले असतात. प्रत्येक घरात उत्तरेकडे पीचच्या फुलांची फांदी आणि दक्षिणेकडे पिवळी माई फुले आणतात, शिवाय छोट्या संत्र्यांसारख्या कुमक्वाटच्या कुंड्या असतात, आणि हे सगळे दुचाकीवरूनच घरी जाते. मागे माणसाच्या उंचीचे झाड बांधलेली दुचाकी वळताना तिची लांबी आपल्या अंदाजापेक्षा बरीच जास्त असते, फांद्या दोन्ही बाजूंना हातभर बाहेर असतात. अशी गाडी दिसली तर तिच्या पाठीमागून लगेच ओलांडू नका, झाडापासून चार पावले सोडा. प्रत्यक्ष तेतच्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस मात्र शहर रिकामे असते, कारण निम्मे लोक गावी गेलेले असतात. रस्ते ओलांडायला ते दिवस उत्तम आहेत, पण बरीच दुकाने आणि उपाहारगृहे बंद असतात, तेव्हा जेवणाची सोय आधी विचारून ठेवा.

सायगॉनची पहिली मेट्रो २२ डिसेंबर २०२४ ला सुरू झाली. बेन थान्ह बाजारापासून सुओई तिएनपर्यंत १९.७ किलोमीटरचा मार्ग आहे आणि त्यावर १४ स्थानके आहेत, त्यांपैकी पहिली तीन भूमिगत. बेन थान्ह स्थानक मोठे आहे आणि तिथे उद्वाहन आहे. बाजाराभोवतीच्या गोंधळाच्या चौकात उतरण्याऐवजी स्थानकातून पलीकडे निघता येते का, हे आधी पाहावे. ऑपेरा हाउसपाशी पुढचे स्थानक आहे, म्हणजे तुमची बरीच भटकंती या दोन स्थानकांच्या आसपास होईल. बाकी ठिकाणी ग्रॅबची मोटार किंवा झान्ह एसएमची विजेवर चालणारी टॅक्सी मागवा, दोन्ही ॲपमधून मिळतात आणि भाडे आधी कळते. गाडी बोलावताना ती आपल्याच बाजूच्या कडेला येईल असे ठिकाण नकाशावर निवडा, नाहीतर टॅक्सीत बसण्यासाठीच रस्ता ओलांडावा लागतो.

हनोईविषयी आणखी एक. जुलै २०२५ मध्ये पंतप्रधानांनी काढलेल्या निर्देशात शहराच्या पहिल्या रिंग रोडच्या आतला भाग १ जुलै २०२६ पासून पेट्रोलच्या दुचाक्यांना बंद करण्यास सांगितले होते. विजेच्या दुचाक्या आवाज करत नाहीत, आणि पाठीमागून येणाऱ्या गाडीची चाहूल कानांनी घेण्याची आपली सवय त्यांच्यापुढे चालत नाही. सासूबाई हॉर्नला दचकतात असे तुम्ही लिहिले होते, म्हणून सांगतो की विजेची गाडी अगदी जवळ येईपर्यंत ऐकू येत नाही. तेव्हा फूटपाथवरून उतरताना डावीकडे आणि मग उजवीकडे वळून पाहण्याचे काम त्यांच्या शेजारच्या माणसाने प्रत्येक वेळी करावे.

दुपारी साडेचार ते सात या वेळेत कुठेही ओलांडण्याचे बेत ठेवू नका. त्याच वेळी शाळा सुटतात आणि प्रत्येक शाळेच्या फाटकाबाहेर शेकडो पालक दुचाक्या घेऊन निम्मा रस्ता अडवून उभे असतात. त्या वेळी हॉटेलवर विश्रांती घ्या आणि सातनंतर बाहेर पडा.